चिनी सुलेखन-पंखा: ओळखावा कसा, वाचावा कसा, लिहावा कसा

इसवी सन ६४४. चिनी पंचांगातल्या पाचव्या महिन्याचा पाचवा दिवस, दुआनवूचा सण. तांग सम्राट ताइझोंगने चांगसुन वूजी आणि यांग शिदाओ या दोन मंत्र्यांना स्वतःच्या हाताने अक्षरं काढलेले पंखे दिले, प्रत्येकी दोन. सणाला एकमेकांना वापरातली वस्तू द्यायची रीत होतीच. या पंख्यांनी निर्मळ वारा खेळावा आणि सद्गुणांत भर पडावी, असा सम्राटाचा निरोप होता. पंखा ही तशी स्वस्तातली वस्तू. पण त्या उन्हाळ्यात हे दोघे वारा घेत उभे राहिले असतील, तेव्हा त्यांच्या हातात कुणाचं अक्षर आहे हे बघणाऱ्यांच्या नजरेतून सुटलं नसणार.

चिनी सुलेखन-पंख्याकडे बघायची सुरुवात इथून करावी. संग्रहालयात तो काचेआड चित्रासारखा सपाट लावलेला असतो, म्हणून आपणही तो चित्र समजूनच बघतो आणि निम्मी गोष्ट हुकते. मुळात तो कुणीतरी कुणालातरी लिहून दिलेला, आणि घेणाऱ्याने चारचौघांत मिरवायचा मजकूर आहे. त्यामुळे खालचा क्रमही तसाच लावला आहे: आधी वस्तू, मग मजकूर, मग नावं, आणि त्यानंतर आपल्या हातात ब्रश.

पहिली पायरी: प्रकार ओळखा

दोन प्रकार ओळखता आले तरी पुष्कळ झालं. त्वानशान म्हणजे गोल पंखा: कड्यावर ताणलेलं रेशीम आणि मधोमध दांडा. झेशान म्हणजे घडीचा पंखा.

गोल पंखा जुना. हान दरबारातल्या बान जिएयू या राणीच्या नावावर एक कविता सांगतात. तिच्यात पांढऱ्याशुभ्र रेशमाचा पंखा आहे: उन्हाळाभर स्वामींच्या बाहीत आणि उराशी, शरदाचा वारा सुटला की पेटीत टाकून दिलेला. तेव्हापासून चिनी काव्यात शरदातला पंखा म्हणजे मर्जीतून उतरलेली स्त्री. गोल पंख्यावर शरदाचा उल्लेख दिसला, तर तो नुसतं ऋतुवर्णन समजून पुढे जाऊ नका.

सोंग काळात (९६०–१२७९) गोल रेशमी पंख्यांवर लिहिणं खुद्द राजघराण्यात बहरलं. सम्राट हुइझोंगने त्साओशू या अतिजलद लिपीत लिहिलेला असा एक पंखा शांघाय संग्रहालयात आहे. चौदाच अक्षरं: पाण्याला स्पर्शून जाणाऱ्या पाकोळीचे पंख आणि चिखलात पडलेल्या भिजल्या पाकळ्या. असे पंखे पुढे दांड्यावरून उतरवून अल्बमच्या पानांवर डकवले गेले. बारकाईने बघितलं, तर त्यांतल्या कित्येकांच्या मधोमध एक पुसट उभी रेघ दिसते. तिथे दांडा होता.

घडीचा पंखा मूळचा चीनचा नाही. तो सोंग काळात जपानहून, काही वेळा कोरियामार्गे, नजराण्यांतून आला आणि मिंग सम्राट योंगलच्या कारकिर्दीपासून (१४०२–१४२४) रुळला. सुरुवातीला त्याला मान नव्हता. लू रोंग या पंधराव्या शतकातल्या अधिकाऱ्याने टिपून ठेवलं आहे की दक्षिणेत बायका गोल पंखा वापरत आणि घडीचा पंखा फक्त गणिकांच्या हातात असे. शंभर वर्षांच्या आत तोच पंखा सुझोऊ शहरातल्या पंडितांच्या बाहीत जाऊन बसला. शेन झोऊ (१४२७–१५०९), वेन झेंगमिंग (१४७०–१५५९), तांग यिन (१४७०–१५२४) या सुझोऊकर मंडळींनी सोनेरी कागदाच्या पंख्यांवर इतकं लिहिलं आणि रंगवलं, की पंख्याचा पाळा, म्हणजे दांड्यांवर चिकटवलेला घड्यांचा कागद, हे चित्राच्या गुंडाळीइतकंच प्रतिष्ठित माध्यम झालं.

एक सावधगिरी. मुंबईतल्या पारशी व्यापाऱ्यांचा कँटन या चिनी बंदराशी मोठा व्यवहार होता. तिथल्या एखाद्या जुन्या घरातून किंवा बाजारातून हस्तिदंती नाहीतर लाखेच्या दांड्यांचा, माणसांच्या गर्दीची रंगीत चित्रं असलेला पंखा हाती आला, तर तो बहुधा परदेशी गिऱ्हाइकांसाठी कँटनमध्ये बनलेला माल असतो. तो सुंदर असेल, मौल्यवानही असेल, पण इथे ज्याबद्दल बोलतो आहोत तो हा नव्हे. चिनी पंडिताला तो भडक वाटला असता.

दुसरी पायरी: उघडा आणि दांड्या बघा

पंखा झटक्यात उघडायचा मोह आवरा. ती नटांची लकब आहे. जुना कागद तिने घडीवर फाटतो. पंखा दोन्ही हातांत आडवा धरून दोन-दोन घड्या सोडवत उघडा. पाळ्याला बोट लावू नका. मिटताना घड्या मुळातल्या रेषांवरच बसतात का ते बघा. जबरदस्तीने मिटलेल्या पंख्यात नवी घडी पडते आणि ती कधीच जात नाही.

मग दांड्या मोजा. दोन्ही टोकांच्या जाड दांड्या धरून ९, ११, १३, १६, १८ असे आकडे सापडतात. सोळा दांड्यांच्या पंख्यात पंधरा फटी, प्रत्येक फटीत दोन पट्ट्या, म्हणजे लिहायला तीस उभ्या पट्ट्या. हा तीसचा आकडा पुढे लागणार आहे. तळाशी सगळ्या दांड्या ओवणारी खीळ असते, जुन्या चांगल्या पंख्यांत शिंगाची. ती सैल झाली असेल तर पंखा डुगडुगतो. धातूची नवी खीळ दिसली तर दुरुस्ती झाली आहे असं समजावं.

दांडीचं लाकूड म्हणजे बाळगणाऱ्याची ऐपत आणि अभिरुची. गुळगुळीत पिवळसर बांबू सर्वांत साधा, आणि जाणकारांना बहुधा तोच आवडतो, कारण हाताच्या घामाने आणि स्पर्शाने त्याला वर्षानुवर्षं लालसर झळाळी चढते. तपकिरी ठिपक्यांचा बांबू महाग. शुन राजा गेल्यावर त्याच्या दोन राण्यांनी गाळलेल्या अश्रूंचे ते डाग, अशी त्याची कथा. झितान हे गडद जांभळट लाकूड म्हणजे आपल्या आंध्रातल्या डोंगरांवरचं रक्तचंदन, आणि सुझोऊच्या चंदनी पंख्यांसाठी नावाजलेलं चंदनही भारतातलं. मात्र ते चंदनी पंखे जाळीदार कोरलेल्या पट्ट्यांचेच असतात. त्यांवर कागद नसतो आणि लेखनही नसतं.

दांड्यांसाठी माणसं काय थराला जात, हे बघायचं असेल तर अठराव्या शतकातल्या ‘लाल हवेलीचं स्वप्न’ या कादंबरीतलं एक प्रकरण पुरेसं आहे. एका फटिंग माणसाकडे ठिपक्यांच्या बांबूचे आणि तशाच दुर्मीळ दांड्यांचे, नामवंतांनी लिहिलेले-रंगवलेले वीस जुने पंखे असतात. घरात अन्नाची भ्रांत, पण पंखे विकायला तो मुळीच तयार नाही. एका सरदाराला ते हवे असतात. शेवटी एक अधिकारी त्या माणसावर सरकारी थकबाकीचा खोटा आळ घेतो आणि पंखे जप्त करून सरदाराच्या पायाशी आणून ठेवतो. कादंबरीतली गोष्ट खरी, पण वाचणाऱ्याला ती अतिशयोक्ती वाटू नये इतकी त्या समाजात पंख्याची किंमत होती.

तिसरी पायरी: मजकूर वाचा

उजवीकडून डावीकडे, वरून खाली. चिनी येत नसलं तरी बरंच काही कळू शकतं.

आधी लिपीची शैली. शिक्क्यांवरची गोलसर, सम जाडीची अक्षरं ती झुआनशू. बसकी, आडव्या फराट्याला शेपूट असलेली ती लीशू. प्रत्येक रेघ सुटी आणि ठाशीव असेल तर काइशू. रेघा एकमेकींत वाहू लागल्या की शिंगशू आणि अक्षर जवळजवळ एका फटकाऱ्यात संपत असेल तर त्साओशू. बारीक काइशूत शेकडो अक्षरं भरलेला पंखा दिसला, की लिहिणाऱ्याने संयमाचं प्रदर्शन मांडलं आहे असं खुशाल समजा. परीक्षा देऊन वर आलेल्या अधिकाऱ्यांचा तो हातखंडा. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेला तेच अक्षर लागे.

मग अक्षरं मोजा. मुख्य मजकूर वीस अक्षरांचा असेल तर पाच-पाच अक्षरांच्या चार ओळींची कविता, अठ्ठावीस असतील तर सात-सातच्या चार ओळी. चाळीस किंवा छप्पन्न म्हणजे आठ ओळींची नियमबद्ध कविता. दोन ते चार मोठी अक्षरं म्हणजे बोधवाक्य किंवा एखादा प्रसिद्ध शब्दसमूह. वाऱ्यावरचे शब्द अर्थातच लाडके. यापलीकडे बहुधा गद्य उतारा, नाहीतर जुन्या सुलेखनाची नक्कल. फोनवरचं भाषांतराचं ॲप काइशू आणि लीशू बऱ्यापैकी वाचतं, शिंगशूत अडखळतं, आणि त्साओशूत बेधडक थापा मारतं.

चौथी पायरी: नावं वाचा

पंख्याचा खरा अर्थ कळतो तो इथे. मजकुरानंतर लहान अक्षरांत दोन नोंदी येतात. शांगक्वान म्हणजे ज्याला पंखा दिला त्याचं नाव, श्याक्वान म्हणजे देणाऱ्याची तारीख, नाव आणि ‘लिहिलं’ हे क्रियापद.

घेणाऱ्याचं पाळण्यातलं नाव लिहिणं हा उद्धटपणा, म्हणून त्याचं सन्मानाने घ्यायचं दुसरं नाव येतं आणि पुढे मायना. ‘रेनश्योंग’, म्हणजे सहृदय बंधू, हा बरोबरीच्यांसाठी. तो माणूस वयाने धाकटा असला तरी चालतो. ‘श्यानशंग’ हा वडीलधाऱ्या किंवा विद्वान माणसासाठी. त्यापुढे ‘याझेंग’सारखा शब्द असतो. त्याचा आशय ‘आपल्या सुजाण नजरेने चुका सुधाराव्यात’ असा, आणि सुधारणा कुणीही करत नाही. लिहिणारा स्वतःचं नाव मात्र साधं, बिनउपाधीचं आणि घेणाऱ्याच्या नावापेक्षा खालच्या पातळीवर सुरू करतो. दोन नावांमधल्या उंचीचा हा फरक बघून दोघांचं नातं ताडता येतं.

शांगक्वानच नसेल तर? तो पंखा विक्रीसाठी लिहिलेला असेल, स्वतःसाठी असेल, किंवा नंतर कुणीतरी ते नाव खरवडून काढलं असेल. दुसऱ्याच्या नावाचा पंखा हाती बाळगणं संकोचाचं, म्हणून विकताना नाव उडवायचे प्रकार होत. शेवटच्या पट्ट्यांवर कागदाचा पोत खरखरीत किंवा सोनं विरळ झालेलं दिसलं, तर शंका घ्या.

तारीख साठ वर्षांच्या चक्रात लिहिलेली असते. प्रभव-विभव ही आपल्या पंचांगातली साठ संवत्सरं माहीत असणाऱ्याला यात नवल वाटू नये. फरक इतकाच की चिनी वर्षाचं नाव जोडशब्द असतं, आणि त्याचा पहिला शब्द इसवी सनाचा शेवटचा आकडा सांगतो: ज्या ४, यी ५, बिंग ६, दिंग ७, वू ८, जी ९, गेंग ०, शिन १, रेन २, ग्वेई ३. ताळा करून पाहा: छिंग राजवट उलथवणारी शिनहाई क्रांती १९११ ची. तारखेतला पहिला शब्द ‘शिन’ असेल तर वर्ष १ वर संपणारं. दुसरा शब्द चिनी राशिचक्रातल्या बारा प्राण्यांपैकी एकाचा. तो धरला की साठातलं एकच वर्ष उरतं. मग ते १८५१ की १९११ की १९७१, हे लिहिणाऱ्याच्या हयातीवरून ठरवायचं. चिनी नववर्ष जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत येतं, तेवढा फरक धरून चला.

शिक्के शेवटी. सहीखालचे एक-दोन शिक्के लिहिणाऱ्याच्या नावाचे. मजकुराच्या सुरुवातीला उजव्या वरच्या बाजूचा लांबट शिक्का शोभेचा, त्यात एखादं वचन असतं. कडेला इतर शिक्के असतील तर ते नंतरच्या मालकांचे.

आणि पंखा उलटा करून बघायला विसरू नका. एका बाजूला एकाचं चित्र, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचं अक्षर ही जोडी फार आवडती. मालक आधी एका मित्राकडे जाई, मग दुसऱ्याकडे. त्या दोन नावांवरून त्याची ऊठबस कुणात होती ते कळतं, आणि ते कळावं हीच त्याची इच्छा असे.

पाचवी पायरी: स्वतः लिहा

आता हात काळे करू. कोरे घडीचे पंखे ऑनलाइन मिळतात. पहिला पंखा सोनेरी घेऊ नका; पांढरा, तुरटी आणि सरसाचा हात दिलेला कागदी घ्या. आन्हुई प्रांतातल्या जिंग तालुक्यातला प्रसिद्ध श्वान कागद मुळात शाई झपकन शोषतो. पंख्यासाठी त्याचे थर एकमेकांवर चिकटवतात आणि तुरटी देऊन त्याची ही भूक मारतात, म्हणून शाई पसरत नाही. याचा तोटा असा, की ती वाळायलाही वेळ घेते.

ब्रश लहान किंवा मध्यम, ताठ केसांचा. लांगहाओ या नावाने मिळणारा, विजल या मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांचा ब्रश उत्तम. शेळीच्या केसांचा मऊ ब्रश या गुळगुळीत पृष्ठभागावर घसरतो. शाईला बाटलीबंद चालते. बीजिंगची यीदेगे ही १८६५ पासूनची पेढी याच शाईसाठी ओळखली जाते. बाटलीतली शाई थोडी दाट असते, दोन-चार थेंब पाणी घालून ब्रशवर ओढ जाणवेल इतकीच पातळ करा.

पंख्याला हात लावण्याआधी आराखडा. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर उघडा पंखा ठेवून त्याची कड गिरवून घ्या आणि खिळीचा बिंदू खूण करून ठेवा. प्रत्येक उभी ओळ त्या बिंदूकडे झुकली पाहिजे. नवशिक्याचा पंखा लांबूनच ओळखू येतो: मधल्या ओळी बरोबर, आणि कडेच्या ओळी वहीत लिहिल्यासारख्या सरळ उभ्या, त्यामुळे पडल्यासारख्या दिसणाऱ्या. उपाय सोपा आहे. स्वतः जागेवर बसा आणि लिहिता-लिहिता पंखाच फिरवत राहा, म्हणजे चालू ओळ नेहमी तुमच्या छातीसमोर उभी राहील.

दुसरी अडचण जागेची. पाळा वर रुंद, खाली अरुंद. सगळ्या ओळी वरपासून खालपर्यंत भरल्या तर खाली गर्दी आणि वर मोकळं माळरान. यावर शतकानुशतकं चालत आलेली युक्ती म्हणजे एक लांब ओळ, एक आखूड ओळ. सात-सात अक्षरांची कविता घ्या. पहिल्या ओळीतली पाच अक्षरं एका उभ्या रांगेत, उरलेली दोन पुढच्या रांगेत फक्त वरच्या बाजूला. पुन्हा पाच, पुन्हा दोन. चार ओळींच्या आठ रांगा झाल्या. एका रांगेला दोन पट्ट्या दिल्या तर सोळा पट्ट्या गेल्या. तीसपैकी चौदा उरल्या: सुरुवातीला तीन-चार मोकळ्या, शेवटी नावांसाठी पाच-सहा, आणि बाकीच्या श्वास घ्यायला. कवितेची ओळ आणि रांग जुळलीच पाहिजे असा मुळीच नियम नाही, जुने लोक ती कुठेही तोडत, पण शिकताना हिशेब सोपा जातो.

दुसरी मांडणी आणखी सोपी आणि माझ्या मते नवशिक्याला जास्त शोभणारी: दोन ते चार मोठी अक्षरं उजवीकडून डावीकडे कमानीत, आणि डाव्या कडेला बारीक अक्षरांत नावांची रांग. मोठ्या अक्षरांत घड्यांचे खाचखळगे मात्र जास्त छळतात. घडीच्या कण्यावर ब्रश उडी मारतो, खोलगट भागात शाई साचते. कण्याच्या अलीकडे दाब किंचित कमी करा, ओलांडल्यावर परत द्या, पण थांबू नका. थांबलात तिथे डबकं होतं. साचलेली शाई टिपकागदाच्या कोपऱ्याने टोकावर टिपा, दाबू नका. लिहून झाल्यावर पंखा उघडाच रात्रभर सपाट राहू द्या.

सोनेरी कागदावर हात बसल्यावरच जा. त्यावर शाई तेलकटावरून पाणी ओघळावं तशी आकसते. आधी मऊ कापडावर शंखजिऱ्याची चिमूटभर पूड घेऊन हलकेच पुसा, शाई दाट ठेवा, संथ लिहा. शिक्क्याचा लाल लेपही तिथे लवकर वाळत नाही. वर हिंगुळाची किंवा तत्सम कोरडी पूड भुरभुरून झटकतात.

देवनागरी लिहायची हौस असेल तर एक गोष्ट ध्यानात घ्या. चिनी रांग घडीच्या दिशेने धावते, आपली शिरोरेषा घडीला आडवी जाते, म्हणजे प्रत्येक कण्यावर तुटायची भीती. लांब ओळ लिहायचा हट्ट सोडा. एकेक लहान शब्द दोन पट्ट्यांत बसवून शब्दांची उतरंड करा, किंवा शिरोरेषा न देता लिहा. अभंगाचा एखादा चरण अशा उतरंडीत छान बसतो.

सहावी पायरी: द्या, बाळगा

देताना घेणाऱ्याचं नाव लिहा, नाहीतर अर्धं काम राहिलं. त्याच्या व्यवसायाला किंवा स्वभावाला लागू पडेल अशी ओळ निवडणं हे खरं कौशल्य. चिनी प्रेमिकांना किंवा नवदांपत्याला पंखा भेट देऊ नये, त्यांच्याकडे तो ताटातुटीचा संकेत मानतात. कुणाचा हातातला पंखा मागून घेऊ नये, हेही पाळा. ‘पंख्यात वारा, तो माझ्या हाती, उसना हवा तर थांब हिवाळ्यापर्यंत’ अशा अर्थाचं एक गाणं पोराटोरांच्या तोंडी असतं.

चिनी रंगभूमीवर पंखा कुठे हलतो यावरून पात्र कळतं: पंडित छातीवर वारा घेतो, योद्धा पोटावर, लग्न जुळवणारी बाई खांद्यावर. ढोलाच्या तालावर गोष्टी गाणाऱ्या कलावंतांच्या पंख्यांवर त्यांना येणाऱ्या गाण्यांची यादी लिहिलेली असे; गिऱ्हाइकाने पंखा उघडून फर्माईश करायची.

शहाण्यासुरत्यांच्या जगात पदवीही पंख्यावरून मिरवत. साम्राज्याच्या सर्वोच्च परीक्षेत पहिला आलेल्याला झुआंगयुआन म्हणत, आणि त्याच्या हातचा पंखा मिळवण्यासाठी धडपड चाले. सुझोऊचे चित्रकार-संग्राहक वू हूफान (१८९४–१९६८) यांनी फक्त झुआंगयुआनांनी लिहिलेले पंखे जमवले, सत्तरच्या वर. ते सुझोऊ संग्रहालयात गेले. यातले बरेचसे अक्षर म्हणून बेतास बात, पण त्या संग्रहात अक्षरापेक्षा गुणवत्ता यादीच वाचायची असते.

सातवी पायरी: विकत घ्या, पण डोळे उघडे ठेवून

नावामुळे पंख्याची किंमत वाढते हे चिनी माणसाला सोळाशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. वांग शीझी (३०३–३६१) या थोर सुलेखनकाराच्या चरित्रात एक म्हातारी सहा कोनी बांबूचे पंखे विकत बसलेली असते. तो न विचारता प्रत्येकावर पाच-पाच अक्षरं काढतो. म्हातारी वैतागते. ‘वांगचं अक्षर आहे म्हणून सांग आणि शंभर नाणी माग,’ असं तो सांगतो. पंखे हातोहात जातात. ती दुसऱ्यांदा पंखे घेऊन येते, तेव्हा तो नुसता हसतो. शाओशिंग शहरात त्या पंखालेखनाच्या नावाचा पूल आजही आहे. सोंग काळातल्या सू शी या कवीबद्दलही असंच सांगतात: हांगझोऊत अधिकारी असताना कर्जात बुडालेल्या पंखेवाल्याचे वीस पंखे त्याने कचेरीतच रंगवून-लिहून दिले आणि दारातच ते हजार-हजार नाण्यांना खपून कर्ज फिटलं.

यांगझोऊच्या झेंग बानच्याओ या चित्रकार-सुलेखनकाराने तर १७५९ मध्ये दरपत्रकच लावलं: मोठं लेखन सहा ल्यांग (हे चिनी वजन) चांदी, मधलं चार, लहान दोन, पंखा अर्धा ल्यांग. वर तळटीप, की भेटवस्तू आणि खाऊपेक्षा रोख चांदी बरी. पंखा सर्वांत स्वस्त रकान्यात होता हे लक्षात ठेवा. मोठ्या माणसाचं अक्षर परवडेल अशा दरात मिळायची ती वाट होती, आणि म्हणूनच बनावट मालही पंख्यांत उदंड. मिंग-छिंग काळात सुझोऊत नामवंतांच्या नावावर खपवायच्या नकलांचा रीतसर धंदा चाले. वेन झेंगमिंगच्या सहीचा पंखा कुणी स्वस्तात देऊ करत असेल, तर नमस्कार करून पुढे जा.

नवा पंखा घेताना भिंग न्या. छापील अक्षरात सारखे ठिपके दिसतात किंवा सगळीकडे शाईचा एकच गडदपणा असतो. हाताने लिहिलेल्यात रेघ रेघेवरून जाते तिथे काळेपणा वाढतो, घडीच्या कण्यावर रेघ किंचित तुटते किंवा बारीक होते. जुन्यात कण्यांवर शाई आणि सोनं दोन्ही एकत्र झिजलेलं हवं. सोनं उडालं आहे आणि त्या उघड्या कागदावर शाई शाबूत आहे, म्हणजे मजकूर नंतर लिहिला. हांगझोऊला गेलात तर गोंगचेन पुलाजवळचं चीनचं पंखा संग्रहालय आधी बघा, खरेदी नंतर. १८७५ पासूनची वांग शिंगजी ही पेढी त्याच शहरातली. टेंभुर्णीच्या जातीच्या फळाचा रस चोपडलेल्या काळ्या कागदाचे तिचे पंखे उन्हापावसाला दाद देत नाहीत. काळ्यावर सोनेरी अक्षरं असलेला असा पंखा नव्या संग्राहकाने घ्यायला हरकत नाही.

कायदाही सांभाळा. १९११ पूर्वीच्या कलावस्तू चीनबाहेर न्यायला सर्वसाधारणपणे बंदी आहे आणि १९४९ पूर्वीच्यांवर तपासणीचं बंधन आहे. हस्तिदंत आणि कासवाच्या पाठीच्या दांड्या भारतात आणायच्या भानगडीत पडू नका. चीननेही हस्तिदंताचा देशांतर्गत व्यापार २०१७ च्या अखेरीस बंद केला. रक्तचंदनाच्या वस्तूंची आंतरराष्ट्रीय ने-आणही परवान्याच्या कक्षेत येते, म्हणून विक्रेत्याकडून लाकडाचं नाव पावतीवर लिहून घ्या.

आठवी पायरी: जपा

वापरायचा पंखा आणि ठेवायचा पंखा वेगळे ठेवा. मिटलेल्या पंख्याच्या वरच्या टोकाला कागदाची सैल पट्टी लावा, रबर बँड कधीही नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळा हा पंख्याचा शत्रू: कागदात सरस आहे, त्याला बुरशी धरते आणि कसर लागते. सुती पिशवी, तिच्याभोवती डबा, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या कागदाला टेकवू नका. एसीच्या झोताखाली किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात उलट त्रास होतो, बांबू तडकतो. तिथे सिलिका जेल काढून ठेवा.

भिंतीवर लावायचा असेल तर पाळा दांड्यांवरून उतरवून सपाट चढवायची जुनी चिनी पद्धत आहे, पण ते काम कागदाचं संवर्धन शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या. स्वतःहून फेविकॉलने कार्डबोर्डवर चिकटवलेला पंखा परत सुटत नाही. उघडा फ्रेम केलात तर ऊन येणारी भिंत टाळा. काळी शाई उन्हात तग धरते, पण कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.